पाळी सातची, गाडी साडेसातची

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या नाहीतर पाइपच्या कारखान्यात सकाळी 7 ची पाळी असेल, तर पावणेसातला गेटवर पोचावं लागतं. उशीर झाला की खाडा. त्यामुळे भाडं किती, याच्याआधी गाडी किती वाजता, हा प्रश्न येतो. शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही. जाताना दोन रिक्षा, येताना दोन, सीटमागे 20 रुपये धरले तरी रोजचे 80; 26 हजेऱ्यांचे 2,080. पगार 12 हजार असेल तर सहाव्या हिश्श्याहून जास्त रक्कम रस्त्यातच जाते.

नशिराबाद, पाळधीकडून एसटीने येणाऱ्यांनी पास काढण्याआधी हिशेब करावा. मासिक पास म्हणजे 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास. महिन्यात 26 दिवस काम असेल तर पुरुषाचं सहा दिवसांचं भाडं वाचतं. हजेरी विसाच्या खाली गेली, की पास अंगावर येतो. नाक्यावरच्या मजुराने तो काढूच नये. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. त्यांच्या 26 दिवसांचं भाडं 13 पूर्ण दिवसांएवढंच होतं, म्हणून रोजचं तिकीटच परवडतं.

पण सवलत कितीही चांगली असली तरी गाडी यायला हवी. खेड्यात रात्री थांबणारी मुक्कामी गाडी पहाटे निघते, म्हणून सकाळची पाळी सापडते. ती बंद झाली की पुढची गाडी शाळेच्या वेळेची. मग माणूस कर्जाने मोटारसायकल घेतो. बाई कारखाना सोडून गावातल्याच कमी मजुरीच्या कामाला लागते. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अर्ध्या तिकिटाचा खरा फायदा तिलाच व्हायचा होता.

दवाखान्याचंही तसंच. केसपेपर सकाळी निघतो, रक्ताचा रिपोर्ट दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. परतीची गाडी चुकेल म्हणून पेशंट रिपोर्ट न घेताच घरी जातो. पुन्हा यायचं तर आणखी एक रोज बुडतो. टीबीचं औषध साधारण सहा महिने न चुकता घ्यायचं असतं, ते अशाच चुकलेल्या फेऱ्यांत तुटतं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दरवेळी चारेक तास. त्यानंतर बीपी उतरतं, गरगरतं. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना अशा माणसाला बिनसावलीच्या थांब्यावर उभं करणं धोक्याचं आहे. सोबत कोणी हवंच, म्हणजे घरातला दुसरा रोजही गेला.

एसटी फेरीचा विचार करताना भारमान, म्हणजे गाडी किती भरते, ते बघते. म्हणून आगार व्यवस्थापकाकडे नुसतं ‘गाडी द्या’ असं निवेदन नेऊ नका. कोणत्या थांब्यावरून किती माणसं, पाळी किती वाजता सुरू होते आणि सुटते, पेशंट कोणत्या वारी जातात, हे सह्यांसकट लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा, कारखान्याचं पत्र मिळालं तर तेही. नवी फेरी मागण्यापेक्षा आहे तीच अर्धा तास अलीकडे आणायला सांगितली, तर काम होण्याची शक्यता जास्त. अर्जाची शिक्का मारलेली पोच मात्र हातात घेऊनच निघा.