तुम्ही विचारलंत म्हणून: कार-टीनंतरही ल्युकेमिया परत का येतो?

कार-टी म्हणजे पेशंटच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, लॅबमध्ये व्हायरसमार्फत त्यांच्यात कॅन्सर ओळखणारा ‘कार’ हा रिसेप्टर घालायचा आणि त्या परत द्यायच्या. ‘एवढे लाख मोजले, पेशी पेशंटच्याच, तरी आजार परत? नीट बनवता येत नाहीत का?’ नातेवाईक विचारतात, डॉक्टरही विचारतात. सुरावरून कळतं की उत्तर आधीच ठरलेलं आहे: लॅबने घोळ घातला.

घोळ दर वेळी लॅबचा नसतो. मुलं आणि तरुणांवरच्या टिसाजेनलेक्ल्यूसेल या कार-टीच्या चाचणीचे निष्कर्ष 2018 साली आले. 75 पैकी 81 टक्के पेशंट 3 महिन्यांत रेमिशनमध्ये गेले, म्हणजे आजार दिसेनासा झाला. त्यांच्यातले वर्षभर रिलॅप्सविना (आजार न उलटता) राहिल्याचा अंदाज 59 टक्के. कधी टी पेशी टिकत नाहीत, कधी ल्युकेमिया सीडी19 (पेशीच्या अंगावरचं जे प्रोटीन कार ओळखतो ते) टाकून देतो. मुंबईत घडलेल्या नेक्सकार19 या कार-टीचं लक्ष्यही सीडी19च, म्हणजे ही पळवाट तिथेही उघडी आहे.

पण ‘दर वेळी नसतो’ म्हणजे कधीच नसतो, असं नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने 2018 मध्येच 20 वर्षांच्या एका पेशंटची केस छापली. रेमिशन झकास, सुमारे 9 महिन्यांनी रिलॅप्स. फ्लोमध्ये (अँटीबॉडी वापरून पेशींवरची प्रोटीन्स शोधणाऱ्या तपासणीत) ब्लास्टवर, म्हणजे ल्युकेमियाच्या पेशींवर, सीडी19 दिसेना. नेहमीचंच, असं वाटावं. पण सीडी19चा जीन शाबूत होता आणि त्याच ब्लास्टवर कार होता! उत्पादनाच्या वेळी टी पेशींसोबत एक ल्युकेमिक पेशी राहून गेली आणि कारचा जीन पोचवणाऱ्या लेंटीव्हायरसने तिच्यातही कार घातला. तो कार तिच्याच अंगावरच्या सीडी19ला चिकटला आणि त्याला झाकून बसला. बाहेरच्या कार-टी पेशींना लक्ष्य सापडेना, तपासणीच्या अँटीबॉडीलाही सापडेना. त्या एका पेशीची प्रजा वाढली. मुलगा वाचला नाही.

मग ती पेशी आधीच का पकडली नाही? हिशेब करा. पिशवीत 10 कोटी पेशी आणि फ्लोची मर्यादा 10,000त 1 धरली, तर 10,000 ब्लास्ट असूनही रिपोर्ट ‘आढळले नाहीत’ असाच येऊ शकतो. एका पेशीचं काय घेऊन बसलात.

उपाय आहे: अफेरेसिसच्या (पेशंटच्या रक्तातून पांढऱ्या पेशी गोळा केलेल्या) पिशवीतून चुंबकी मण्यांनी सीडी4 आणि सीडी8 पेशी (टी पेशींचे दोन प्रकार) आधी वेचून घ्यायच्या आणि व्हायरस त्यानंतरच घालायचा. ब्लास्ट खूप कमी होतात, शून्य होत नाहीत. शिवाय वेचताना, धुताना टी पेशीही जातात. केमोने लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) आधीच खाली आलेल्या पेशंटमध्ये तेवढ्यावरून अख्खी बॅच फसू शकते.

त्यात आता सगळ्यांना 9-10 दिवसांचं कल्चर (लॅबमध्ये पेशी वाढवणं) दोन-तीन दिवसांवर आणायचं आहे. कारण रास्त आहे. जास्त दिवस वाढवलेल्या पेशी प्रौढ होतात, अंगात गेल्यावर कमी टिकतात. फक्त त्या लांब कल्चरमध्ये ब्लास्ट बहुतेक मरूनही जात, हे कुणी बोलत नाही. म्हणून कल्चर छोटं करायचं तर वेचणी अधिक कडक हवी, आणि कडक वेचणीला हवा असतो पेशींचा भरपूर साठा, जो नेमका नसतो.

सीडी19 आणि सीडी22 (ब्लास्टवरचं आणखी एक प्रोटीन) दोन्ही धरणारा कार घ्या, असंही सुचवलं जातं. तत्त्वतः बरोबर. मात्र अशा एका चाचणीत सीडी22कडचा मारा कमजोर पडला आणि सीडी19 गमावलेले रिलॅप्स झालेच.

तेव्हा पुढच्या वेळी लॅबला विचारायचंच असेल, तर हे विचारा: व्हायरस घालण्याआधी टी पेशी वेचता का, आणि उरलेले ब्लास्ट किती बारकाईने मोजता? डॉक्टरांना विचारा, बी पेशी परत दिसू लागल्या का. निरोगी बी पेशींवरही सीडी19 असतो, म्हणून कार-टी टिकून असेपर्यंत त्याही मारल्या जातात. पहिल्या 6 महिन्यांत त्या परतल्या, तर कार-टी ओसरल्याची शंका घ्यायची.