सँडविचचा घाट

मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडमध्ये कॅट्झ डेलिकटेसन नावाचं १८८८ सालापासूनचं दुकान आहे. आत शिरताना दारातच हातात एक तिकीट देतात. काय काय घेतलं ते त्यावर लिहिलं जातं, निघताना ते दाखवून पैसे भरायचे. हरवलं तर भुर्दंड. म्हणून लोक आधी तिकीट खिशात नीट ठेवतात आणि मग भूक लागल्याची आठवण काढतात. काउंटरमागे लांब सुरे घेऊन कटर उभे असतात. पास्त्रामी, म्हणजे खारवून, मसाला चोळून धुरावलेलं बीफ, मागितली की कटर वाफेतून एक काळा, चकचकीत ठोकळा उचलतो, फळीवर आपटतो आणि हातानेच कापायला लागतो. पहिले एकदोन तुकडे बशीत टाकून गिऱ्हाइकापुढे सरकवतो, चाखून बघा म्हणून. राय या गव्हासारख्या धान्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रेडच्या दोन चकत्या, एकीला मोहरीचा हात, मध्ये मांसाची चळत, बाजूला आंबट काकड्या. दोनेक मिनिटांत काम फत्ते.

मी बीफ खात नाही, त्यामुळे तिथे माझी मजल टर्कीच्या सँडविचपर्यंतच. पण कटरकडे बघत उभं राहायला कोण मना करतंय? आणि बघता बघता लक्षात येतं, की ही दोन मिनिटं फसवी आहेत. तो ठोकळा त्याआधी कित्येक दिवस मिठाच्या पाण्यात मुरलेला असतो. मग त्याला मसाला चोळतात, मंद धुरावर धरतात, शिजवतात, आणि शेवटी कापायची वेळ येईपर्यंत वाफेवर ठेवतात. आपण विकत घेतो ते सगळ्या कामाचं शेवटचं टोक.

घरी अशा दुकानातल्यासारखं, म्हणजे डेलीसारखं गरम, पोटभरीचं सँडविच करायला जाणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ झालं. आपल्याकडे सँडविच म्हणजे स्वयंपाकाचा कंटाळा आल्यावर करायची गोष्ट. त्या हिशेबाने रविवारी अकराला सुरुवात करून साडेअकराला खायला बसलं, तर हाती काय येणार? बाहेरून करपलेला, आतून गार, खालून ओला असा ब्रेड. दोष तव्याचा नसतो, दोष बुधवारचा असतो. बुधवारी काहीच केलेलं नसतं.

पास्त्रामीचा प्रवास मला फार आवडतो. वाळवलेलं, मसाला लावलेलं मांस ही मूळची तुर्की पठडी. ती रुमानियात गेली, तिथल्या ज्यूंनी ती हंसाच्या, म्हणजे पाळीव गूझच्या, मांसावर चालवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही माणसं न्यूयॉर्कला आली, आणि इथे हंसापेक्षा बीफ स्वस्त. त्यातही पोटाकडचा चरबीचा, कोणाला फारसा नको असलेला भाग आणखी स्वस्त. गरिबाने स्वस्तातला वाटा घेऊन तो वेळ देऊन चांगला करायचा, हेच यामागचं सगळं शास्त्र. आणि चोळायचा मसाला कुठला? भरडलेले धने आणि काळी मिरी. लसूण वगैरे असतं, पण कणा धने-मिऱ्यांचाच. मसाल्याचा डबा उघडला की अर्धं न्यूयॉर्क आपल्या ओट्यावरच असतं.

आता चीजचा मुद्दा. जुन्या, कोशर डेलीत पास्त्रामीवर चीज मागू नये. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, हा ज्यूंचा धर्मनियम. म्हणून मांसाच्या डेली वेगळ्या आणि दूधदुभत्याची उपाहारगृहं वेगळी. सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर १९३८ पासून चालत आलेलं बी अँड एच डेअरी हे असं एक चिंचोळं दुकान. तिथे मांस नाहीच, त्यामुळे आमच्या घरातला शाकाहारी पक्ष, म्हणजे माझा नवरा, तिथे छाती पुढे काढून बसतो. हा नियम मराठी माणसाला अगदीच परका नाही. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं ते, घरात मराठी बोलत हाच नियम पाळत आले. मटणाच्या रश्शात दही नाही, नारळाचं दूध. सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा, तोही नारळाच्या दुधातला. कोकणात नारळ होता म्हणून त्यांचं भागलं. न्यूयॉर्कच्या डेलीवाल्यांकडे नारळ नव्हता, म्हणून त्यांनी मोहरीवर भागवलं असावं, असा माझा एक बिनपुराव्याचा तर्क आहे.

आणि तरीही अमेरिकेतलं सगळ्यात लाडकं गरम डेली सँडविच, रूबेन, या नियमाला सरळ धाब्यावर बसवतं. राय ब्रेड, खारवून शिजवलेलं कॉर्न्ड बीफ, स्विस चीज, आंबवलेला कोबी, मेयोनेज आणि चिली सॉसचं रशियन ड्रेसिंग, आणि हे सगळं लोण्यावर खरपूस भाजलेलं. ते कोणी शोधलं यावर दोन गावांचं भांडण आहे. नेब्रास्कातल्या ओमाहाचे लोक म्हणतात, आमच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात १९२०च्या दशकात पोकर खेळायला जमणाऱ्या मंडळींत रूबेन कुलाकोफ्स्की नावाचा वाणी होता, कल्पना त्याची. न्यूयॉर्कवाले आर्नल्ड रूबेनच्या उपाहारगृहाकडे बोट दाखवतात. त्याचं ‘रूबेन स्पेशल’ होतं खरं, पण त्यात हॅम, टर्की आणि कोबीची कोशिंबीर सांगतात; म्हणजे नाव तेच, सँडविच भलतंच. माझं मत ओमाहाला. त्या हॉटेलात पूर्वी काम केलेल्या फर्न स्नायडर या बाईंनी १९५६ साली हीच कृती पाठवून देशपातळीवरची सँडविच स्पर्धा जिंकली. नाव मात्र रूबेनचंच राहिलं.

आमच्या घरात जे होतं ते रूबेनच्या बहिणीसारखं, आणि गंमत म्हणजे तिला खरंच नाव आहे: रेचल. बीफच्या जागी टर्की किंवा पास्त्रामी, आंबट कोबीच्या जागी बहुधा कोलस्लॉ, म्हणजे कोबीची कोशिंबीर. मी टर्की घेते आणि कोबी आंबटच ठेवते, त्यामुळे माझ्या सँडविचला नक्की कुठलं नाव द्यायचं हे शेजारच्या अमेरिकन बाईंनाही सांगता आलेलं नाही.

बुधवारी रात्री दोन लिटर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ, त्याच्या निम्मा गूळ, ठेचलेला लसूण, तमालपत्र, मोहरी. हे उकळून पूर्ण गार करायचं आणि त्यात टर्कीचा छातीकडचा, बिनहाडाचा तुकडा बुडवून फ्रिजमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी बाहेर काढून धुवायचा, कोरडा पुसायचा, धने-मिरे जाडसर भरडून सगळीकडून दाबून लावायचे. जाडसर म्हणजे खलबत्त्यातच. मिक्सरने पूड होते आणि मग पास्त्रामी न लागता धनेपूड लागते. मग ओव्हन १२० अंश सेल्सिअसवर. मांसाच्या पोटात खुपसायचा थर्मामीटर ७४ दाखवेपर्यंत थांबायचं. इथे अंदाजपंचे नको, कोंबडी-टर्कीत तर मुळीच नको. धूर मी देत नाही. घरातला धुराचा भोंगा इतक्या तत्परतेने बोंबलतो, की थोडी स्मोक्ड पॅप्रिका, म्हणजे धुरावलेल्या मिरचीची पूड, मसाल्यात मिसळून विषय मिटवलाय. रात्री गार करून फ्रिजमध्ये. गार मांसाचेच पातळ काप निघतात, तेही धाग्यांच्या आडवे. उभे कापले तर एका घासाबरोबर सगळी चळत ओढून बाहेर येते.

शनिवारी दुपारी वाफ. इडलीपात्रात खाली पाणी, वर ताटली, ताटलीत काप. (मोदकपात्रही घरात आहे. त्याला हात लावायची माझी हिंमत नाही.) ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरी मेख इथेच आहे. ब्रेड उष्णता सहजी आत जाऊ देत नाही. फ्रिजमधले काप तसेच घालून सँडविच तव्यावर टाकलं, तर आतलं चीज वितळेपर्यंत ब्रेडचा कोळसा. आत जे जाणार ते आधीच गरम हवं. तव्याचं काम फक्त ब्रेड कुरकुरीत करणं आणि चीजला शेवटचा धक्का देणं. पास्त्रामी ऑन रायमध्ये तर तवाही नसतो. ताज्या ब्रेडला सगळी ऊब मांसाचीच.

दुसरा शत्रू पाणी. आंबवलेला कोबी बरणीतून काढून तसाच घालायचा नाही. श्रीखंडासाठी दही बांधतो तसा फडक्यात बांधून पिळायचा, आणि पिळून झाला असं वाटलं की पुन्हा एकदा पिळायचा. ड्रेसिंग ब्रेडला लावायचं नाही, चीजच्या आतल्या बाजूला. म्हणजे क्रम असा: ब्रेड, चीज, ड्रेसिंग, कोबी, मांस, परत चीज, ब्रेड. दोन्हीकडून चीजची भिंत, ओल मधल्यामध्ये. मुंबईचा सँडविचवाला हे केव्हापासून जाणतो. चटणीच्या आधी तो लोणी कडेपर्यंत फासतो ते उदारपणाने नव्हे. लोण्याखालचा ब्रेड चटणीने भिजत नाही म्हणून. आणि त्याचीही दोन मिनिटं फसवीच असतात की. बटाटे आणि बीट सकाळीच उकडलेले असतात, चटणी वाटलेली असते.

बाहेरून लोणी लावून बिडाचा तवा, आच मंद, वर झाकण. झाकणाने आतली वाफ चीजपर्यंत पोचते. बाजू उलटल्यावर झाकण काढायचं आणि उलथन्याने हलकेच दाबायचं. वर बत्ता ठेवून चिरडणारे असतात, त्यांच्याशी माझे वैचारिक मतभेद आहेत.

राय ब्रेड मी विकत आणते. डेलीचा राय नावाला राय, आत पुष्कळसा गहूच असतो, पण त्यातले शहाजिऱ्यासारखे कॅरवेचे दाणे आणि ती चिवट कड घरच्या ओव्हनमध्ये मला जमण्यातली नाही आणि जमवायची हौसही नाही. किती भरायचं, याबद्दलही एक बोलते. सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरची कार्नेगी डेली २०१६च्या शेवटच्या दिवशी बंद झाली. तिथली सँडविचं तोंडात मावणारच नाहीत इतकी उंच असायची; लोक फोटो काढत आणि निम्मं घरी नेत. तो देखावा होता, मजेचा होता, पण घरी त्याची नक्कल कशाला? माणशी दीडशे ग्रॅम मांस भरपूर झालं. त्यापुढे ब्रेड नुसता धरायची मूठ उरतो.

नवऱ्यासाठी पोर्टोबेलो मशरूम. मोठ्या छत्र्या, आधी कोरड्या तव्यावर मीठ घालून सगळं पाणी सुटून आटेपर्यंत परतायच्या, तेल आणि धने-मिरे त्यानंतर. आधी तेल घातलं की त्या ते नुसतं पिऊन टाकतात. बाकी चीज, कोबी, क्रम सगळं तेच. बाजारच्या ड्रेसिंगची बाटली मात्र वाचून घ्यावी. वूस्टरशर सॉस असेल तर त्यात बहुधा मासळी असते.

ठाण्याहून आईचा व्हिडिओ कॉल नेमका शनिवारी दुपारीच येतो. फोन ओट्यावर टेकवून मी काप वाफवत असते. “अगं, बुधवारपासून ब्रेडच्या मागे आहेस?” ती म्हणते. “एवढ्यात पुरणपोळ्या होऊन, शेजारी वाटून झाल्या असत्या.” मग जरा थांबून, “आणि चटणी कुठाय?”

हिरवी चटणी रायबरोबर नांदत नाही. कॅरवेचा वास कोथिंबिरीला उभंच राहू देत नाही. पण आईच्या प्रश्नावरून एकदा लसणाची सुकी चटणी काढली, आपली खोबऱ्याची, तिखट, आणि रशियन ड्रेसिंगमध्ये चमचाभर कालवली. मेयोनेज आणि चिली सॉसच्या गोडमिट्टपणाला ज्याची गरज असते ते नेमकं त्यात आहे. आता ती प्रत्येक वेळी पडते. ड्रेसिंगला झणका यावा म्हणून घालतात त्या हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळाची बाटली फ्रिजच्या दारात मागे मागे सरकत गेली आहे, आणि नवरा डब्यातली उरलेली चटणी शेवटच्या आंबट काकडीला लावून खातो.