वॉर्निंग २३९ चा माग : पॉन कंपायलर बदलल्यानंतरची प्रगती

मागच्या नोंदीत ज्या दोषाने काम अडवून ठेवले होते, तो अखेर सापडला आहे. पॉन या छोट्या स्क्रिप्ट भाषेत मी लिहीत असलेल्या खेळातल्या चोपड्याच्या बाजारात केळीचा व्यापारी पहिल्या दिवशी ‘भाऊ, माल ताजा शे, भाव सांग’ हे अहिराणी वाक्य पूर्ण बोलतो आणि दुसऱ्या दिवसापासून ‘भाऊ, माल’ एवढेच म्हणून थांबतो, हा तो दोष. धुळ्याहून खेळ तपासून देणाऱ्या मित्राने तो पहिल्यांदा दाखवला, तेव्हा चित्र काढणाऱ्या सी भाषेतल्या भागावर आम्हा दोघांचा संशय होता. दोष तिथे नव्हता, स्क्रिप्टमध्ये होता. आणि त्याच्यापर्यंत पोचवले ते नव्या कंपायलरच्या, म्हणजे स्क्रिप्ट यंत्राला चालेल अशा रूपात आणणाऱ्या प्रोग्रामच्या, एका वॉर्निंगने. ही नोंद मुख्यतः त्या वॉर्निंगबद्दल आहे, कारण जुनी स्क्रिप्ट कंपायलरच्या ३.२.३६६४ या आवृत्तीवरून ३.१० वर नेणाऱ्या अनेकांची तिच्याशी गाठ पडू शकते.

दोष इतके दिवस लपून राहिला, त्याला कारण होते. खेळ बंद करून पुन्हा सुरू केला की व्यापारी पुन्हा पूर्ण वाक्य बोलत असे, त्यामुळे एकेक दृश्य स्वतंत्रपणे तपासताना काहीच हाती लागत नसे. ‘-डी३’ लावून पूर्ण डिबग माहितीसह बांधणी केली, तरी चालू खेळात एकही तक्रार उमटली नाही. ते साहजिकच होते. ‘-डी१’ पासून पुढे ॲरेच्या, म्हणजे ओळीने ठेवलेल्या मूल्यांच्या गटाच्या, सीमा तपासल्या जातात, पण इथे कोणी सीमा ओलांडतच नव्हते. ॲरेच्या आत, पूर्णपणे वैध जागी, वैध मूल्य लिहिले जात होते, आणि ती ॲरे म्हणजे आपण अवतरणचिन्हांत लिहिलेले मूळ वाक्य होते.

कंपायलर बदलल्यावर पहिल्याच बांधणीत वॉर्निंगा शेकड्यांनी आल्या. एररचे क्रमांक एकपासून, फेटल एररचे शंभरपासून आणि वॉर्निंगचे दोनशेपासून सुरू होतात हे आपल्याला ठाऊकच आहे, तेव्हा पहिले काम क्रमांकांनुसार वर्गवारी करण्याचे होते. २१७ म्हणजे विस्कळीत इंडेंटेशन; पॉनमध्ये टॅबची रुंदी मुळात आठ धरली जाते आणि माझा संपादक चार धरतो, म्हणून ‘-टी४’ देताच त्यातला मोठा भाग गेला, आणि उरलेल्या ठिकाणी टॅब व स्पेस खरोखरच मिसळलेले होते. ‘प्रॅग्मा टॅबसाइझ ०’ लिहून २१७ गप्प करण्याचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो आणि तो मला अजिबात मान्य नाही. ‘इफ’खाली आहे असे वाटणारी पण प्रत्यक्षात त्याच्या बाहेर पडलेली ओळ हीच वॉर्निंग दाखवते. २०३ आणि २१९, म्हणजे न वापरलेली आणि बाहेरच्या नावाला झाकणारी व्हेरिएबले, एका बैठकीत निपटली. जुन्या कोडसाठी ‘-झेड’ हा सुसंगततेचा पर्याय आहे; तो मी मुद्दाम घेतला नाही, कारण नव्या कंपायलरची कडक नजर मिळावी एवढ्यासाठीच तर हा खटाटोप चालला आहे.

एक छोटी सोय इथेच नोंदवते. हे सगळे पर्याय दर वेळी कमांड लाइनवर टंकण्याऐवजी कंपायलरच्याच फोल्डरमध्ये ‘पॉन.सीएफजी’ नावाच्या फाइलीत लिहून ठेवले, तर कंपायलर ते आपोआप वाचतो. माझ्या फाइलीत आता अर्धविराम सक्तीचा करणारा ‘-;+’, फंक्शनला कंस सक्तीचा करणारा ‘-(+’, ‘-टी४’ आणि ‘-डी३’ एवढे आहे. खेळागणिक बदलणारे पर्याय वेगळ्या फाइलीत ठेवून त्या फाइलीचे नाव ‘@’ लावून देता येते. बांधणीची आज्ञा आता इतकी आखूड झाली आहे की ती चुकण्याला वावच उरला नाही.

यानंतर यादीत उरल्या त्या जवळपास सगळ्या दोनच क्रमांकांच्या वॉर्निंगा होत्या : २१४ आणि २३९. फंक्शन आपल्याला मिळालेल्या ॲरेत काही लिहीत नसेल, तर तो पॅरामीटर, म्हणजे फंक्शनला बाहेरून मिळणारे मूल्य, ‘कॉन्स्ट’ (न बदलण्याचे वचन असलेला) असायला हवा होता का, असे २१४ विचारते. लिटरल, म्हणजे अवतरणातली स्ट्रिंग किंवा थेट लिहिलेली ॲरे, ‘कॉन्स्ट’ नसलेल्या पॅरामीटरला दिली जात आहे, असे २३९ सांगते. पॉनमध्ये ॲरे नेहमी संदर्भानेच दिली जाते, तिची प्रत होत नाही, आणि लिटरल स्ट्रिंग स्क्रिप्टच्या डेटा विभागात एकदाच ठेवलेली असते. तिथे लिहायला स्क्रिप्ट चालवणाऱ्या आभासी यंत्राची मनाई नाही. फंक्शनने त्या स्ट्रिंगमधले एक अक्षर बदलले, की स्क्रिप्ट पुन्हा लोड होईपर्यंत ते बदललेलेच राहते. जुन्या कंपायलरला यात वावगे काही दिसत नसे.

दोन्ही वॉर्निंगा एकाच वेळी सोडवायला घेतल्या, तर माणूस हरवतो. २१४ फंक्शनच्या व्याख्येपाशी येते, तर २३९ ते फंक्शन जिथे जिथे लिटरल देऊन बोलावले आहे त्या प्रत्येक ठिकाणी येते, म्हणून संवाद दाखवणाऱ्या एका निरुपद्रवी फंक्शनमुळे पडदाभर २३९ उमटतात आणि खरी धोक्याची ओळ त्यांच्यात बुडून जाते. म्हणून मी क्रम असा लावला की आधी ‘-डब्ल्यू२३९’ देऊन ती वॉर्निंग तात्पुरती बंद ठेवायची, २१४ दाखवील त्या प्रत्येक पॅरामीटरला ‘कॉन्स्ट’ लावायचा, आणि २१४ पूर्ण संपल्यावर २३९ पुन्हा सुरू करायची. जी फंक्शने ॲरेला हात लावत नाहीत त्यांच्यावरच्या २३९ तोवर आपोआप गेलेल्या असतात, आणि उरतात त्या एक तर खऱ्या असतात किंवा नेटिव्ह, म्हणजे सी मध्ये लिहिलेल्या, फंक्शनांच्या असतात.

क्रम बरोबर असला तरी वाटेत एक मोठा अडथळा आला. संवाद दाखवणाऱ्या सर्वांत वरच्या फंक्शनला ‘कॉन्स्ट’ लावताच बांधणीच मोडली आणि एरर ०३५, आर्ग्युमेंटचा प्रकार जुळत नाही, ही ओळ आली. वरचे फंक्शन मजकूर बदलणार नाही असे वचन देते आणि तोच मजकूर आतल्या, वचन न दिलेल्या फंक्शनकडे सोपवते. कंपायलर हे चालवून घेत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याच कारणाने अशा वरच्या फंक्शनवर २१४ मुळात येतच नाही, कारण आतले फंक्शन ॲरेत लिहू शकते असे धरून चालणे कंपायलरला भाग असते. आतल्याला ‘कॉन्स्ट’ लावला, की त्याला बोलावणाऱ्यावर २१४ नव्याने उगवते. यादी लहान होण्याऐवजी वाढताना पाहून सुरुवातीला फार वैताग आला, पण ती वाढ म्हणजेच प्रगती आहे हे एकदा लक्षात आले, की काम सरळ होते : सर्वांत आतल्या फंक्शनपासून सुरुवात करायची आणि एकेक थर वर चढायचे.

सर्वांत आतली फंक्शने कोणती, हे ठरवायला ‘-आर’ फार उपयोगी पडला. या पर्यायाने कंपायलर परस्परसंदर्भांचा अहवाल एक्सएमएल रूपात लिहून देतो, आणि त्यात प्रत्येक फंक्शन कोणाकडून वापरले जाते त्याची नोंद असते. आपल्यापैकी बहुतेकांनी हा पर्याय मदतीच्या यादीत पाहून सोडून दिला असेल. मी आधी कागदावर बाणांचे जाळे काढत होते. अहवाल मिळाल्यावर ते बाजूला ठेवले. एकच सावधगिरी हवी : जी ‘स्टॉक’, म्हणजे न वापरली तरी चालणारी, फंक्शने स्क्रिप्टमध्ये कुठेच बोलावलेली नाहीत, ती अंतिम फेरीत वगळली जात असल्याने त्यांच्यावर २१४ येत नाही. इन्क्लूड, म्हणजे स्क्रिप्टला बाहेरून जोडलेल्या, फाइलीतले असे एखादे फंक्शन पुढे कधी वापरायला घेतले, की त्याच्या वॉर्निंगा तेव्हा उगवतील.

नेटिव्ह फंक्शनांना शरीर नसते, त्यांची इन्क्लूडमध्ये केवळ घोषणा असते, म्हणून ती मजकूर बदलतात की नाही हे कंपायलरला कळायला मार्ग नाही आणि २१४ त्यांना लागू पडत नाही. इथे सी मधला मूळ कोड उघडून वाचावाच लागतो. घोषणेतला ‘कॉन्स्ट’ स्क्रिप्टच्या बाजूलाच तपासला जातो. सी मधले फंक्शन पत्ता मिळवून त्या जागी काहीही लिहू शकते, तिथे त्याला कोणी अडवत नाही. ज्या नेटिव्हचा कोड वाचून खात्री पटली, त्यांनाच मी ‘कॉन्स्ट’ लावला. तयार इन्क्लूड फाइली सरसकट शोधून-बदलून ‘कॉन्स्ट’ चिकटवणे म्हणजे वॉर्निंग घालवून दोष ठेवणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे झाल्यावर २३९ पुन्हा सुरू केली, तेव्हा पडद्यावर मोजक्या ओळी उरल्या होत्या आणि त्या सगळ्या एकाच फंक्शनकडे बोट दाखवत होत्या. संवादाचा फुगा अरुंद असल्याने मजकुराच्या ओळी पाडणारे हे फंक्शन मी एका जुन्या इन्क्लूड फाइलीतून घेतले होते. ते मजकुरावरून पुढे सरकते, ओळ भरली की तिथल्या स्पेसच्या जागी स्ट्रिंग संपल्याचे शून्य लिहिते आणि पुढची ओळ त्यानंतर सुरू करते. पहिल्या वेळी ओळी बरोबर पडतात. दुसऱ्या वेळी तोच मजकूर वाचायला घेतला, की ‘भाऊ, माल’ नंतर शून्य भेटते आणि फंक्शनच्या दृष्टीने वाक्य तिथेच संपते. व्यापाऱ्याची उरलेली वाक्ये शाबूत राहिली ती एवढ्याचसाठी, की ती एका ओळीत मावत होती.

खातरजमेसाठी ‘-ए’ देऊन असेंब्लर रूप काढले. त्यात व्यापाऱ्याचे वाक्य डेटा विभागात एकदाच दिसते, आणि फंक्शनला बोलावण्याआधी त्याचाच ठरलेला पत्ता स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या मूल्यांच्या जागेत, ठेवला जातो. मध्ये कुठेही प्रत काढलेली नाही. लूप कितीही वेळा फिरला तरी पत्ता तोच. इतक्या दिवसांचे कोडे दोन ओळींत उलगडलेले पाहताना जे समाधान मिळाले, ते या छंदातल्या प्रत्येकाला कळेल.

दुरुस्तीसाठी पहिला विचार असा होता की पॅरामीटर ‘कॉन्स्ट’ करायचा, मजकुराची प्रत फंक्शनच्या आत स्थानिक ॲरेत घ्यायची आणि ओळी त्या प्रतीत पाडायच्या. अनपॅक स्ट्रिंगमध्ये प्रत्येक वर्णचिन्हाला एक सेल लागतो आणि सेल चार बाइटचा असतो, म्हणजे १२८ सेलांची ॲरे ५१२ बाइट स्टॅक घेते. स्टॅक आणि हीप मिळून मूळ मर्यादा ४०९६ सेलांची, म्हणजे १६३८४ बाइटची आहे. ‘-व्ही२’ लावून कंपायलरचा अंदाज पाहिला, तर तो मर्यादेच्या आत होता. ‘-एस’ किंवा ‘प्रॅग्मा डायनॅमिक’ वापरून मर्यादा वाढवण्याची गरज नव्हती.

पण ही नोंद लिहिता लिहिताच त्याहून चांगला मार्ग सुचला आणि मी तो लगेच करून पाहिला. ओळी पाडण्यासाठी मजकुरात शून्य लिहिण्याची मुळात गरजच नाही. फंक्शनने प्रत्येक ओळ कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंत आहे एवढेच एका वेगळ्या ॲरेत भरून द्यावे, आणि ओळ काढणाऱ्या नेटिव्हने मजकुराबरोबर ती दोन स्थाने घ्यावीत. मजकुराला कोणीच हात लावत नाही, प्रतही लागत नाही, आणि ‘कॉन्स्ट’ खऱ्या अर्थाने लागू होतो. नेटिव्हमध्ये दोन पॅरामीटर वाढवावे लागले, पण तो कोड माझाच असल्याने ते अवघड नव्हते. आता बांधणीत २१४ नाही आणि २३९ नाही, आणि व्यापारी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीही पूर्ण वाक्य बोलतो.

या स्थितीपासून पुन्हा मागे घसरण होऊ नये म्हणून ‘-ई’ हा पर्याय, जो वॉर्निंगांनाच एरर मानतो, ‘पॉन.सीएफजी’ मध्ये घालायचा विचार आहे. तो आज घालता येत नाही, कारण टॅग, म्हणजे मूल्याच्या प्रकाराची खूण, न जुळल्याची २१३ अजून काही ठिकाणी शिल्लक आहे. ‘फ्लोट’ (दशांश संख्येच्या) टॅगची किंमत बिनटॅगच्या व्हेरिएबलमध्ये गेली, तर रूपांतर होत नाही, तिचे बिट तसेच्या तसे उतरतात, ३.५ रुपयांचा भाव १०८००३३२८० होऊन बसतो. आधी वाटत होते की क्विंटलचे सगळे भाव ‘फ्लोट’ करावेत. आता वाटते की भाव पैशांत, पूर्णांकात ठेवून दाखवतानाच शंभराने भागावे, म्हणजे २१३ चा हा सगळा गट आणि त्याबरोबर ‘फ्लोट’ परत करणारे फंक्शन व्याख्येआधी वापरल्याने पुन्हा फेरी घ्यायला लावणारी २०८ सुद्धा जाईल. फॉरमॅटमध्ये ‘%f’ ला पूर्णांक दिला, तर कोणतीही वॉर्निंग न येता शून्य छापले जाते, तोही धोका त्यामुळे टळेल. लिलावाची फाइल लहान असल्याने बदल तिथून सुरू करते आहे. पॉनमध्ये पैशांचा हिशेब पूर्णांकात ठेवण्याचा अनुभव ज्यांना असेल, त्यांनी क्विंटलच्या भावावरून किलोचा भाव काढताना उरणाऱ्या बाकीचे काय करता, हे जरूर कळवावे.