वेताळ पुन्हा वाचताना

सुवर्णमहोत्सवात वाचनालयाचं जुनं कपाट सगळ्यांसाठी उघडणार आहेत. त्यातले इंद्रजाल कॉमिक्स या जुन्या चित्रकथा-मालिकेचे बांधीव खंड जे हातात घेतील, त्या माजी विद्यार्थ्यांसाठी हे थोडंसं.

आता मोठेपणी वाचताना पहिली गोष्ट खटकते ती ही, की वेताळाच्या, म्हणजे मूळ इंग्रजी ‘फँटम’च्या, गोष्टीत मध्येच खड्डे आहेत. एका चौकटीत तो जंगलातल्या आपल्या घरी, कवटीच्या गुहेत, पुढच्या चौकटीत थेट बंदरावर. कोणीतरी न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतं. शाळेत असताना हे कोणाला जाणवायचं नाही, कारण वाचणारा ते खड्डे आपणच बुजवून पुढे पळायचा.

खड्डे पाडले ते कात्रीने. अमेरिकन लेखक ली फॉकचा वेताळ १७ फेब्रुवारी १९३६ पासून वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत येई आणि एकेक गोष्ट महिनोन्‌महिने चाले. काल काय झालं याची उजळणी पहिल्या चौकटीत, उद्याची हुरहूर शेवटच्या. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल सुरू झालं तेव्हा हे सारं साधारण ३२ पानांच्या अंकात बसवायचं होतं, तेही जाहिराती आणि किरकोळ सदरं सांभाळून. उजळणीच्या चौकटी गेल्या ते बरंच झालं. पण तेवढ्याने भागेना, मग घोडदौड, जंगलातली वाट, नुसतं बघत उभं राहणं अशा बिनसंवादाच्या चौकटींवर पाळी आली. घटना उरल्या, श्वास गेला.

काटछाट ओळखायची तर चौकटीच्या कडा बघाव्यात. पट्टीतली अरुंद चौकट पानभर रुंदीत बसवताना बाजूला झाड, भिंत किंवा आभाळ वाढवून काढलेलं असतं आणि तिथली रेघ मूळ रेघेपेक्षा जाड किंवा बोथट दिसते. ‘दरम्यान’, ‘इकडे’ असे शब्द लागोपाठ आले, की त्याआधी काही गळलं असं खुशाल समजावं.

नावंही बदलली. वेताळाचा देश मूळचा बेंगाला, तो इथे डेंकाली झाला, सिंग चाच्यांचे सिंगा झाले. भारतीय वाचकाला बंगाल आणि सिंग ऐकू येणारच, त्यामुळे हे शहाणपणाचंच. मूळ पट्ट्यांचे संग्रह शेजारी ठेवून वाचणाऱ्याने एवढी जोडी ध्यानात ठेवली की पुरे.

अंकांच्या क्रमांकावरून मात्र काळ लावू नये. अंक मूळ क्रमाने निघालेच नाहीत. शिवाय रोजची पट्टी आणि मे १९३९ पासूनची रविवारची पुरवणी यांच्या गोष्टी स्वतंत्र चालत. खूण चित्रकाराची धरावी. पहिल्या रे मूरच्या चित्रांत काळोख दाट. त्यानंतरच्या विल्सन मॅकॉयची माणसं साधी, जरा ताठर. १९६१ नंतरच्या साय बॅरीकडे स्नायू, कापडाच्या घड्या, पानांची जाळी सगळं रेखीव. आणखी एक खूण घरातली : वेताळाचं प्रेयसी डायनाशी लग्न १९७७ चं, जुळी मुलं १९७९ ची. मुलं दिसली की गोष्ट त्यानंतरची.

मराठी अंकांची खरी गंमत अक्षरांत आहे. संवादाचे फुगे इंग्रजी मोठ्या अक्षरांच्या मापाने काढलेले. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, म्हणजे ओळीला उंची जास्त लागते. तीन ओळींच्या जागेत दोनच मावतात. मग वाक्य तोडून तोडून लिहावं लागे, आणि वेताळ मराठीत कमी बोलू लागला. मूळ संवाद वाचल्यावर वाटतं, हा कमी बोलणाराच वेताळ जास्त शोभतो.

जांभळ्या पोशाखाच्या कडेला कुठे निळी, कुठे गुलाबी झालर दिसेल. जांभळा हा निळा आणि गुलाबी अशा दोन शाया एकावर एक छापून होतो. कागद केसभर सरकला की झालर दिसते. तोही त्या अंकाचा भाग आहे, स्कॅन करताना ‘दुरुस्त’ करू नये. स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करावं. कमी घेतलं तर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरच्या ओळी एकमेकांत अडकून पानभर लहरी उठतात.

खंड हाताळायचे तर सावकाश. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातलं आम्ल त्याला पिवळा करतं, मग ठिसूळ. पान फाटलं तर सेलोटेप लावू नका : वर्षांनी तिचं प्लॅस्टिक गळून पडतं आणि तपकिरी डिंक कागदात मुरून राहतो. जपानी टिश्यूची (पातळ पण चिवट कागदाची) पट्टी आणि पातळ गव्हाची खळ, वर वजन ठेवून रात्रभर सुकवणं, एवढं पुरतं. गंजलेल्या पिना आधी सरळ करून मागून ढकलायच्या, पुढून ओढायच्या नाहीत. लॅमिनेशन तर नकोच, ते परत निघत नाही. आणि खंड १८० अंशांत सपाट उघडायचा नाही. बाइंडिंगच्या वेळी कडा कापल्या गेल्याने काही पानांवर शेवटचं अक्षर आधीच गेलेलं आहे. दाबून उघडला तर शिलाईजवळचंही जाईल.