कुंभार्ली घाटात रात्रीचे अडीच तास: काट्यावर विसंबू नका

गुहागर, हेदवी, वेळणेश्वर हे दोन दिवस उत्तम गेले. त्यांच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मला सांगायचंय ते परतीच्या रात्रीचं, कारण मी डोळ्यांसमोरच्या, इंजिनचं तापमान दाखवणाऱ्या काट्याला फसले आणि तुम्ही फसू नये असं मनापासून वाटतं.

दिवाळीनंतरचा शनिवार. मी, आई आणि धाकटा भाऊ. गाडी मीच चालवत होते. चिपळूण सोडायलाच साडेनऊ झाले. "घाट काय, अर्ध्या तासात वर पोचाल, रात्रभर वर्दळ असते," असं मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं होतं. वर्दळ होती, पण थांबणारं कुणी नव्हतं.

पोफळी मागे पडली, चढ लागला आणि चौथ्या-पाचव्या वळणावर टेंपरेचरचा काटा लाल रेघेकडे सरकला. एसी बंद केला, गिअर उतरवला. दोन मिनिटांत काटा झरकन खाली आला, पार थंड गाडीसारखा. मला हायसं वाटलं आणि मी तशीच चढवत राहिले. इथेच चुकलं. रेडिएटरचा होज पाइप फाटून पाणी वाहून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पाणीच नसलं की तो नुसती हवा मोजतो आणि काटा खाली पडतो. तापलेला काटा चढावर एकाएकी खाली आला तर तिथल्या तिथे इंजिन बंद करा. बंद करण्याआधी खात्री करायची तर हीटर लावा. इंजिन तापलेलं असून हीटरमधून गार वारा आला, तर आत पाणी नाही. आणखी दोन किलोमीटर रेटली असती तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, गेलं असतं.

बोनेटमधून वाफ यायला लागली तेव्हा सव्वादहा. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये आम्ही. माझ्या फोनला नेटवर्क नाही. भाऊ खालच्या वळणापर्यंत चालत गेला तेव्हा त्याच्या फोनला एक दांडी आली. मुक्कामाच्या ठिकाणी टोचनवाल्याचं कार्ड मिळालं होतं, त्याला फोन लावला. कराडपर्यंत चौदा हजार! त्यातले सात आधी ऑनलाइन पाठवा, मगच गाडी निघेल. सोबत आई आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मग पंधरा द्या, रात्र आहे." अडलेल्या माणसाकडून वयस्क बाईच्या नावाने हजार रुपये जास्त मागणं ही लूट आहे, दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पैसे आधी पाठवू नका, अजिबात नाही. ११२ हा आणीबाणीचा नंबर लावा. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या टॉवरवरून तो लागू शकतो. राष्ट्रीय महामार्गांवरच्या मदतीसाठी १०३३ आहे. दोन्ही नंबर मला घरी आल्यावर आठवले, म्हणून इथे लिहितेय.

पाऊण वाजता मासळीची पिकअप थांबली, गुहागरकडून कराडला निघालेली. ड्रायव्हर चाळिशीचे, बरोबर पोरगेलासा क्लीनर. काही विचारायच्या आधी पोराने चाकामागे दगड लावला आणि झाडाच्या दोन फांद्या तोडून वळणाच्या अलीकडे रस्त्यावर टाकल्या. "मावशी, तुम्ही गाडीत नका बसू, कठड्याच्या आत उभ्या राहा," असं आईला सांगून दादांनी बॅटरी तोंडात धरली आणि बोनेटमध्ये वाकले.

पाइप क्लिपपाशी बोटभर चिरला होता. त्यांनी क्लिप सैल केली, चिरलेला तुकडा कोयत्याने सरळ कापून टाकला, उरलेला पाइप ओढून पुन्हा चढवला आणि क्लिप आवळली. वरून ट्यूबच्या रबराची पट्टी गुंडाळली. मासळीवरच्या बर्फाचं पाणी टपकतच होतं. मी ते भरू का विचारलं, तर म्हणाले, "नको ताई, त्यात मीठ-घाण असते, रेडिएटर खाईल." स्वतःच्या पिण्याच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन ओतला. झाकण एक खाच सैल ठेवलं, दाब वाढून पट्टी उडू नये म्हणून. गाडी तोवर पूर्ण निवाली होती. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजतात.

मग ते पुढे निघून गेले नाहीत. वीसच्या वेगाने आमच्या मागे घाटमाथ्यापर्यंत आले, पुढे हेळवाकला त्यांच्या ओळखीच्या टपरीवर. तिथल्या काकूंनी दोन वाजता उठून स्टोव्ह पेटवला, आईला आधी गरम पाणी दिलं, मग चहा. पैसे घेतले ते चार चहांचेच. दादांनी तर काहीच घेतलं नाही. मी हजार रुपये पुढे केले तेव्हा ते गाडी सुरू करून "पाटणपर्यंत मागेच आहे, चला" एवढंच म्हणाले.

पाटणच्या स्टँडजवळ गाडीतच पडलो. सकाळी नऊला गॅरेज उघडलं. नवा पाइप, कूलंट आणि मजुरी मिळून साडेसहाशे रुपये.

माझं स्पष्ट मत: हा घाट अंधार पडल्यावर चढू नका. चढावाच लागला तर दहा लिटर साधं पाणी, दोन जादा क्लिपा, पकड, बॅटरी आणि लाल त्रिकोण एवढं डिकीत हवंच. गाडी पाच वर्षं जुनी असेल तर निघण्याआधी होज दाबून बघा, कडक किंवा चिरा पडलेला असेल तर बदला. आमचा सर्व्हिसिंगला कुणी पाहिलाच नव्हता.

तो रिकामा कॅन गडबडीत आमच्याच डिकीत राहिलाय. पुढच्या महिन्यात त्याच वाटेने, पण दिवसा जाणार आहे. हेळवाकच्या काकूंकडे ठेवला तर दादांपर्यंत पोचेल, असं त्यांनीच फोनवर सांगितलंय.