मदतीला कोण येणार, हे मी ठरवते

घरी रुग्णसेवेसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोने पाठवलेली तिसरी बाई आत आली, माझ्या पलंगाशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "पेशंटला बोलता येतं का?" आई म्हणाली, "हो, येतं की." पुढचा अर्धा तास दोघी माझ्याबद्दल बोलल्या. उठते किती वाजता, जेवते काय, वजन किती. मी तिथेच होते, सगळं ऐकत. मला कोणी काही विचारलं नाही आणि मीही मधे बोलले नाही, याचं आजही वाईट वाटतं.

2018च्या पावसाळ्यात माझी दुचाकी घसरली आणि मानेत मज्जारज्जूला मार बसला. डॉक्टरांच्या भाषेत सी-सिक्स, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीची इजा. खांदे हलतात, कोपर वाकतो, मनगट वर उचलता येतं. मनगट उचललं की बोटं आपोआप थोडी मिटतात, तेवढ्या पकडीवर मी चमचा धरते आणि फोन चालवते. छातीच्या खाली मात्र हालचालही नाही आणि स्पर्शही कळत नाही. लघवीसाठी कायमचा कॅथेटर, म्हणजे नळी आणि पिशवी आहे. एक दिवसाआड पोट साफ करायला दुसऱ्या बाईचा हात लागतो. रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर जखम होते. म्हणजे मला माणूस हवंच, रोज हवं, आणि माझ्या अंगाला ज्याचा हात लागतो असं हवं.

पहिली दोन वर्षं ब्यूरो आणि आई हेच सगळं बघत होते. त्या काळात अकरा जणी आल्या-गेल्या. आई महिन्याला ब्यूरोला 21,000 देत होती, त्यातले बाईंच्या हातात 15,000 पडायचे. हा आकडा मला एका मावशींनीच सांगितला.

मग ती रात्र आली. साडेतीनच्या सुमारास डोकं फुटेल असं ठणकायला लागलं, मानेवर घाम, चेहरा तापलेला. रात्रीच्या मावशींना वाटलं मला घेरी आली. त्यांनी उशी काढली आणि पाय उशीवर उंच ठेवले. दुखणं वाढलं. आई धावत आली, तेव्हा मला जेमतेम एवढंच म्हणता आलं, "बसवा. नळी बघा." मला बसतं केलं, पाय खाली सोडले. कॅथेटरची नळी मांडीखाली दबून दुमडली होती. ती सरळ केल्यावर पिशवी भराभर भरली आणि काही मिनिटांत डोकं हलकं झालं. एरवी माझं बीपी 90/60 असतं, त्या वेळी मशीनवर वरचा आकडा 180 होता.

याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, म्हणजे इजेच्या खालच्या भागात काही त्रास झाला की बीपी एकदम चढतं. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मज्जारज्जूला इजा झालेल्यांना तो होऊ शकतो. तुंबलेली लघवी, साठलेलं पोट, कुठेतरी रुतलेली शिवण, एवढंही कारण पुरतं. अशा वेळी आडवं करायचं नाही, बसवायचं आणि कारण शोधायचं. वेळेत केलं नाही तर जिवावर बेततं. मावशींची यात काहीच चूक नव्हती. त्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, आणि मीच बोलले नव्हते, कारण त्यांना काय करायचं ते सांगणं हे आईचं काम आहे असं आम्ही सगळ्यांनी धरलं होतं.

सकाळी मी आईला म्हटलं, यापुढे माणसं मी बघणार. आईला ते लागलं. तिला वाटलं, मी तिच्या करण्यात खोट काढतेय. ती दोन वर्षं नीट झोपली नव्हती, हे मला दिसत होतं, आणि म्हणूनच मला हे करायचं होतं. तिला समजावायला आठवडा गेला.

ब्यूरोच्या करारात लिहिलं होतं की त्यांच्या बाईला परस्पर ठेवायचं नाही. तो करार आम्ही पाळला, महिना भरल्यावर बंद केला. नवीन माणसं ओळखीतून शोधली: फिजिओथेरपिस्ट, धुण्याभांड्याच्या ताई, कोपऱ्यावरची औषधांची दुकानदारीण. पेशंटचा अनुभव हवाच, ही अट मी काढून टाकली. अनुभवी बायकांपैकी बऱ्याच जणी म्हणायच्या, "मला माहितीये, तुम्ही काळजी करू नका," आणि मग त्यांच्याच पद्धतीने ओढायच्या.

भेटायला आलेल्या प्रत्येकीला मी एकच काम सांगायची. "माझा डावा पाय जरा सरळ करता?" एकीने घोट्याला धरून ओढला. दुसरीने माझ्याकडे न बघता, आईशी बोलत बोलत उचलला. तिसऱ्या ताई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटायच्या, रुग्णसेवा कधी केलेली नव्हती. त्या खाली वाकल्या, एक तळवा गुडघ्याखाली घातला, दुसरा टाचेखाली, आणि विचारलं, "हात लावू ना? दुखतं का इथं?" मी म्हटलं, दुखत नाही, कळतच नाही. त्यांनी पाय ठेवला, चादरीची सुरकुती सारखी केली आणि मगच हात काढला. त्या सकाळच्या कामाला गेली चार वर्षं माझ्याकडे आहेत.

पोट साफ करण्याबद्दल मी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगते. ग्लोव्हज घालायचे, सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारात ठेवायची औषधाची गोळी ठेवायची, थांबायचं, बोटाने मदत करायची, तासभर जातो. पहिल्यांदा हे तोंडाने सांगताना मला रडू आलं होतं. पण नंतर कळून ती बाई चौथ्या दिवशी निघून जाण्यापेक्षा हे बरं. तीन दिवस शिकण्याचे असतात, त्यांचे पूर्ण पैसे देते, जमलं नाही तरी. व्हीलचेअरवर घेताना आधी ब्रेक, मग पाय, मग नळी कुठे आहे ते बघणं, हा क्रम मी बोलत जाते आणि त्या करत जातात. माझे हात चालत नाहीत, तेव्हा नेमकं बोलणं हेच माझं काम झालं.

सकाळी कपडे बदलताना माकडहाडापाशी आणि टाचांना त्वचा लाल झालीय का, हे ताई हातआरशात मला दाखवतात. दाबलं तरी लाली जात नसेल तर त्या दिवशी त्या जागेवर भार द्यायचा नाही. फोनवर फोटो काढणं सोपं आहे, असं बरेच जण सांगतात. मी काढू देत नाही. अंघोळीच्या आणि कपड्यांच्या वेळी फोन खोलीबाहेर, हा माझ्या कागदावरचा पहिला नियम आहे.

त्या कागदावर वेळा, पगार, महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार, असं सगळं आहे. आधारची झेरॉक्स आणि पोलीस व्हेरिफिकेशन केलं. पगार एक तारखेला मी स्वतः फोनवरून पाठवते. चोवीस तासांची एकच बाई ठेवत नाही. सकाळी एक, रात्री दुसरी, आणि इमारतीतली एक मुलगी रविवारी येते, म्हणजे तिचा सराव सुटत नाही आणि गौरी-गणपतीत दोघी गावाला गेल्या तरी माझं अडत नाही. खर्च ब्यूरोपेक्षा थोडा जास्तच होतो. मेडिक्लेममधून यातलं काही मिळालं नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. माझ्या हातात तो अजून पडलेला नाही, मी घरून जीएसटीची रिटर्न्स भरून देते त्यातून भागवते.

एकदा मात्र चुकलं. रात्रीसाठी ठेवलेल्या एक मावशी फार मायेच्या होत्या, केस विंचरताना गाणी म्हणायच्या. त्यांनी खालच्या मजल्यावर माझ्या पोटाच्या तक्रारींपासून सगळं सांगितलं. लिफ्टमध्ये शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "आता बरं आहे ना गं? त्रास होत होता म्हणे." मी रात्रभर जागी राहिले. सकाळी मावशींना समोर बसवलं आणि सांगितलं, मला तुमच्याबरोबर पुढे जमणार नाही. त्या रडल्या, मीही रडले. महिन्याचे पूर्ण पैसे दिले. माया होती, पण माझ्या शरीराची गोष्ट माझ्या खोलीतच राहायला हवी होती.

आता सकाळच्या ताईंच्या लेकीचं बाळंतपण आहे, मे महिन्यात त्या तीन महिन्यांसाठी बीडला जातील. त्यांनी जानेवारीतच सांगितलं. गुरुवारी त्यांच्या जागेसाठी दोन नव्या बायका भेटायला येणार आहेत आणि ताईच शिकवायला थांबतील. आईला सांगून ठेवलंय, चहा तू कर, पण बोलणं माझ्या खोलीत होईल.