डिकॉक्शन किती वेळ टिकतं: मार्च ते ऑगस्टच्या नोंदी

मागची नोंद फिल्टर कॉफीच्या दळणावर आणि चिकोरीच्या (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) प्रमाणावर होती. मार्चपासून मी वेगळ्याच प्रश्नाच्या मागे लागले आहे. सकाळी काढलेलं डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून गळलेला कॉफीचा दाट अर्क, संध्याकाळी वापरावं का? आणि दूध घातलेली कॉफी किती वेळ ठेवलेली चालते? वरवर प्रश्न एकच वाटतो, पण नोंदी वाढत गेल्या तसं पक्कं होत गेलं की हे दोन प्रश्न आहेत. कोऱ्या कॉफीची चव आधी जाते, धोका बराच उशिरा येतो. दुधाच्या कॉफीत नेमकं उलटं. ती जिभेला छान लागत असतानाच पिण्यालायक राहिलेली नसू शकते.

सामान तेच, दोन मजली पितळी फिल्टर. पावडर माटुंग्याहून दळून आणलेली, पीबेरी आणि प्लांटेशन ए या प्रतींच्या बियांची, मध्यम भाजलेली, त्यात वीस टक्के चिकोरी. पाणी उकळल्यावर थोडं थांबून, ९२ ते ९६ अंशांच्या दरम्यान ओतते. गळायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सोबत डिजिटल थर्मामीटर आणि माशांच्या टाकीसाठी मिळतो तसला साधा पीएच मीटर (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितका पदार्थ आंबट). गळून झालं की डिकॉक्शन लगेच काचेच्या बरणीत काढते. कल्हई झिजलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो हे आपल्या घरोघरी माहीत आहे, आणि कॉफी आम्लधर्मीच असते. फिल्टर पितळी असेल तर रात्रभर खालच्या भांड्यात डिकॉक्शन ठेवू नका.

कोरं डिकॉक्शन

एकाच सकाळचं डिकॉक्शन तीन ठिकाणी ठेवून पाहिलं: ओट्यावर बरणीत, फ्रीजमध्ये आणि गरम पाण्याच्या पातेल्यात.

गळून झाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात बरणी उघडली की जो भाजका, किंचित उग्र वास अंगावर येतो, त्यासाठीच आपण एवढा खटाटोप करतो. आणि तोच सगळ्यात आधी जातो. त्या वासात फरफ्युरिलथायॉल नावाच्या गंधकयुक्त संयुगाचा मोठा वाटा असतो. ते थोडं हवेत उडतं हे खरंच, पण ते कॉफीच्या आतच अडकतंही. बिया भाजताना तयार झालेली मेलॅनॉइडिन नावाची तपकिरी द्रव्यं त्याला बांधून ठेवतात, मग ते नाकापर्यंत पोचत नाही. म्हणून झाकण कितीही घट्ट लावलं तरी हा वास पुरता वाचत नाही. आपल्यातले बरेच जण हवाबंद बरणीवर सगळी भिस्त ठेवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. बरणी हवीच, फ्रीजमधल्या लसणाचा वास कॉफीला लागू नये म्हणून तर हवीच. पण तिच्याकडून ताजेपणाची अपेक्षा नको.

दोन तासांनी वास बोथट झालेला असतो, चव मात्र जागेवर असते. गरम दुधात घातलं तर ताज्यातला आणि त्यातला फरक आमच्या घरात कोणालाच ओळखता आला नाही. चार-पाच तासांनी ओट्यावरच्या बरणीत आंबूसपणा वर येतो आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला तुरट चव रेंगाळते. कारण असं की कॉफीतली क्लोरोजेनिक आम्लं तुटून क्विनिक आणि कॅफिक आम्लं तयार होतात. शिवाय भाजताना बनलेली लॅक्टोन नावाची काही संयुगं पाण्यात राहून पुन्हा आम्लं बनतात. उष्णता जितकी जास्त तितका हा प्रवास जलद.

पातेल्यातल्या बरणीत हे अगदी स्वच्छ दिसलं. ताज्या डिकॉक्शनचा पीएच पाचच्या किंचित वर होता, तोच गरम ठेवलेल्याचा दुपारपर्यंत ५ च्या खाली उतरला. आकडा लहान वाटतो, जिभेला मात्र तो लहान नसतो. मंद आचेवर ठेवलेली कॉफी ‘जळकी’ लागते असं आपण म्हणतो. माझ्या मते त्यात जळण्यापेक्षा आंबट होण्याचाच भाग जास्त आहे. तेव्हा डिकॉक्शन गरम ठेवू नका. थंड होऊ द्या, फ्रीजमध्ये टाका आणि पिताना उकळतं दूध घाला. डिकॉक्शन वेगळं तापवायची गरजच पडत नाही. तापवलंत तर उरलासुरला वासही वाफेबरोबर जातो.

फ्रीजमधलं डिकॉक्शन दुसऱ्या दिवशी दुधात चांगलं लागलं, तिसऱ्या दिवशी चालून गेलं, त्यानंतर मला नकोसं झालं. चिकोरी असलेलं जरा जास्त तग धरतं, कारण तिचा गोडसर कडवटपणा मागे उभा राहतो. निव्वळ कॉफीचं डिकॉक्शन लवकर पोकळ लागतं.

सुरक्षिततेचं म्हणाल तर साखर-दूध नसलेल्या, कडकडीत पाण्यात काढलेल्या कॉफीत जिवाणूंना खायला फारसं काही नसतं, त्यामुळे दिवसभर ओट्यावर राहिलेलं डिकॉक्शन सहसा चव सोडून काही बिघडवत नाही. पण पाचचा पीएच बुरशीला अडवत नाही. आपल्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिलेलं मी ओतून देते. एक शंका नेहमी विचारली जाते, शिळ्या कॉफीत कॅफिन वाढतं किंवा कमी होतं का? नाही. कॅफिन भलतं चिवट आहे, ठेवल्याने आणि तापवल्याने त्याला काही होत नाही. पाणी आटलं तर घोटागणिक जास्त पोटात जाईल, एवढंच.

मे महिना आणि दूध

आता खरा काळजीचा भाग. खाण्यापिण्याच्या सुरक्षिततेचा सर्वमान्य नियम असा की नासणारा पदार्थ ५ ते ६० अंशांच्या मधे जास्त काळ राहू नये. दोन तास ही मर्यादा, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात दुपारी आमच्या स्वयंपाकघरात थर्मामीटर ३२ च्या खाली येतच नव्हता. म्हणजे आपल्यासाठी उन्हाळ्यात एक तास, हेच धरून चाला.

हा तास कधी सुरू होतो तेही मोजलं. स्टीलच्या टंबलरमध्ये ओतलेली कॉफी साठच्या खाली यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मग ती चाळीसच्या आसपास बराच वेळ रेंगाळते. विरजण लावायला आपण जसं कोमट दूध घेतो, नेमकं तेच तापमान. दह्याच्या जिवाणूंना जे मानवतं ते नको असलेल्यांनाही मानवतं.

‘दूध तर उकळलेलं असतं’ हे उत्तर मला सगळीकडे मिळालं. उकळल्याने जिवंत जिवाणू मरतात, पण बॅसिलस सेरियससारख्यांचे बीजाणू उकळीतूनही निभावतात आणि दूध कोमट झालं की पुन्हा वाढीला लागतात. त्याचे काही प्रकार उलटी घडवणारं विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा उकळल्याने जात नाही. म्हणून तीन तास राहिलेली दुधाची कॉफी खळखळून तापवली तरी ती सुरक्षित झाली असं म्हणता येत नाही. वासावर भरवसा ठेवण्यातही अर्थ नाही. कॉफीचा वास इतका जोरकस असतो की दुधातली सुरुवातीची बिघाडाची छटा त्याखाली दडून जाते. नुसतं दूध नासायला आलं की नाकाला कळतं, कॉफीत कळत नाही.

दूध फाटण्याबद्दल थोडं. ताज्या दुधाचा पीएच साडेसहाच्या थोडा वर असतो, आणि ४.६ च्या जवळ आलं की केसीन हे दुधातलं प्रथिन गोळा होतं. उतरायला लागलेलं दूध आणि गरम ठेवून आंबट झालेलं डिकॉक्शन एकत्र आलं, त्यात उष्णता मिळाली, की टंबलरमध्ये बारीक कण तरंगताना दिसतात. नुसत्या जुन्या डिकॉक्शनने ताजं दूध मात्र माझ्याकडे फाटलेलं नाही.

शेजारच्या मामींना हे सगळं सांगितलं. त्या सकाळी पहिलं डिकॉक्शन काढतात, त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी ओतून दुसरं पातळ काढतात, आणि दोन्ही दिवसभर वापरतात. पण मिसळलेली कॉफी त्यांच्याकडे कधीच उरत नाही, कारण त्या टंबलरागणिक मिसळतात. म्हणाल्या, ‘डिकॉक्शन थांबतं गं, दूध थांबत नाही.’ पीएच मीटर न घेता त्या जिथे होत्या तिथेच मी मे महिन्यात पोचले.

थर्मासबद्दल माझं मत बदललं, चांगल्या अर्थाने. थर्मास आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटं तापवून घ्यायचा, मग कडकडीत कॉफी काठोकाठ भरायची. असं केलं तर चार तासांनीही आतलं तापमान साठच्या वर राहिलं. तेवढा वेळ दुधाची कॉफी सुरक्षित, जरी चव उतरलेली असली तरी. अर्धा रिकामा थर्मास लवकर साठच्या खाली येतो, त्यात दुधाची कॉफी नको. मला विचाराल तर ऑफिसला कोरं डिकॉक्शन न्यावं आणि दूध तिथेच गरम करावं.

कोल्ड ब्रू

कोल्ड ब्रू, म्हणजे पूड थंड पाण्यात तासन्तास भिजवून काढलेली कॉफी, कमी आंबट लागतो म्हणून त्याचा पीएच खूप वेगळा असेल असं वाटतं. फिलाडेल्फियातल्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मोजून दाखवलं की गरम आणि थंड दोन्ही कॉफींचा पीएच जवळपास सारखाच, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान असतो. मग टिकण्याच्या दृष्टीने फरक कुठे? कोल्ड ब्रूला गरम पाण्याचा स्पर्शच झालेला नसतो. त्यामुळे मी तो ओट्यावर भिजत ठेवत नाही, पहिल्यापासून फ्रीजमध्येच. अठरा तास लागतात, लागू द्यावेत. गाळून, निर्मळ बाटलीत, पाणी न घालता तो आठवडाभर चांगला राहतो. पाणी मिसळलं की दोन दिवस, दूध मिसळलं की त्याच दिवशी संपवायचा.

बाटलीतली हवा काढून, सील करून बाहेर ठेवण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नका. ४.६ पेक्षा जास्त पीएच आणि हवेचा अभाव ही बोट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला पोषक जोडी आहे. याच शक्यतेपोटी २०१७ मध्ये अमेरिकेत डेथ विश कॉफी या कंपनीने आपले नायट्रो (नायट्रोजन वायू मिसळलेल्या) कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून मागे घेतले होते.

पावसाळा

जूनपासून लक्ष फिल्टरकडे वळलं. चोथा वरच्या भांड्यात राहिला की दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरट लव धरते, कडेच्या फटीत आधी. नंतर काढलेलं डिकॉक्शन किती ताजं याला मग अर्थ उरत नाही. चोथा लगेच काढायचा, भांडं धुऊन उलटं ठेवायचं. छिद्रं बुजली तर वरच्या भांड्याचा तळ गॅसच्या आचेवर काही सेकंद धरायचा. अडकलेली पूड जळून जाते, मग ब्रशने घासून धुवायचं. कल्हईचं भांडं असेल तर आच नको, कल्हई वितळते. तिथे गरम पाणी आणि टाचणी. बरणीच्या झाकणाची रबरी चकतीही काढून धुवा, तिच्याखाली कॉफीचं तेल साचून खवट वास धरतो.

सध्या सकाळी एकदाच डिकॉक्शन काढते, गळलं की तासाभरात फ्रीजमध्ये, बरणीवर तारखेची चिठ्ठी, तिसऱ्या दिवसानंतर ओतून देणं. दूध प्रत्येक वेळी ताजं तापवलेलं.

आता बर्फाच्या ट्रेमध्ये डिकॉक्शन गोठवून पाहते आहे. पहिल्या खेपेचे खडे गोठल्यावर झाकणाच्या डब्यात काढून ठेवले आणि दोन आठवड्यांनी उकळत्या दुधात टाकले. फ्रीजमधल्या तिसऱ्या दिवसाच्या डिकॉक्शनपेक्षा वास नक्कीच जास्त शिल्लक होता. गळल्यावर लगेच गोठवलेलं आणि दोन तासांनी गोठवलेलं, असे दोन डबे सध्या शेजारी शेजारी आहेत. चव घेतली की त्यांची नोंद लिहीन. कोणी रोबस्टा जातीच्या कॉफीच्या डिकॉक्शनवर हेच केलं असेल तर तुमचे तास आणि तापमान मला हवे आहेत.